अंजूरचं महाबळेश्वर

१

अवधूत खोटं बोलला तेव्हा त्याच्या हातात चहाचा कप होता. चहा जरा कडक गरम असता, तर तोंड पोळलं असतं आणि वाक्य आतल्या आत राहिलं असतं, असं त्याला पुढे बरेचदा वाटलं. पण शाळेतला चहा. कोमट होता.

साल एक्क्याण्णव. भिवंडीतल्या एका शाळेच्या स्टाफरूममध्ये सुट्टीचे बेत चालले होते. कुणी माथेरान, कुणी गणपतीपुळे. केसरीनाथ सर चित्रकला शिकवायचे, अवधूतच्या समोरच्याच घरात राहायचे, आणि गल्लीतल्या सगळ्यांचं सगळं त्यांना माहीत असायचं. ते प्रेमानेच म्हणाले, की आमचे अवधूतराव दरवर्षीप्रमाणे गच्चीवर. सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, गच्ची चांगली होती. पण अवधूतच्या कानाच्या पाळ्या तापल्या आणि तो म्हणाला, "महाबळेश्वर. चार दिवस. मावसभावाचा बंगला आहे."

मावसभाऊ होता. बंगलाही होता. फक्त तो मावसभावाच्या साहेबांचा होता, आणि ऐन वेळी साहेबांनाच थंड हवेची गरज पडली. हे फोनवर कळलं तोवर महाबळेश्वर गल्लीभर झालेलं. केसरीनाथ सर दोन स्वेटर घेऊन घरी आले, एक अवधूतला, एक माईंना. माई म्हणजे अवधूतची आई. भिवंडीत मे महिन्यात स्वेटर नुसता हातात धरला तरी माणूस भिजतो. अवधूतने ते दोन्ही हातांनी घेतले आणि येताना मध आणायचं कबूल केलं.

खरं त्याने एकालाच सांगितलं. घराखाली दाऊदभाईंचे लूम होते, कापडाचे यंत्रमाग. दिवसरात्र खडखडाट, पण इतक्या वर्षांत सगळ्यांना त्याची सवय झालेली, लूम थांबले तर पाळण्यातलं पोर उठायचं. दाऊदभाईंनी सगळं ऐकलं आणि हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. त्यांचा मेव्हणा आदल्या वर्षी कुवेतहून जीव वाचवून परत आला होता. येताना लोकांनी सोनं आणलं, त्याने तंबू आणला. दाऊदभाईंचं भिवंडीजवळच अंजूरला खाडीकडे शेत होतं, शेतात पंपाची खोली होती, खोलीत वीज होती.

"लाईट आहे, पाणी आहे, खाडीचा वारा आहे," दाऊदभाई म्हणाले. "महाबळेश्वरला आणखी काय असतं, सर?"

बायकोला त्याने बसमध्ये बसेपर्यंत सांगितलं नाही. सांगणार कसा, केसरीनाथ सर स्टँडवर पोचवायला आलेले. ठाण्याची एसटी सुटली, सर हात हलवत मागे राहिले, आणि अवधूतने विद्युल्लताच्या कानात सगळं सांगून टाकलं. ते पूर्ण्याला उतरले, रिक्षा केली, अंजूरला आले. एवढ्या वेळात ती एक शब्द बोलली नाही. नंतर बोलली ती मुलीमार्फत. चंद्रा, बाबांना सांग ती पिशवी दे. चंद्रा, बाबांना विचार पाणी कुठे आहे.

लग्न झाल्यापासून तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती, 'अहो' म्हणायची. आता तेही बंद. मनातून अवधूतला ना बंगला हवा होता, ना थंड हवा. तिने एकदा 'अहो' म्हणावं, बस्स.

२

तंबूच्या खोक्यावर एका गोऱ्या कुटुंबाचं चित्र होतं. साहेब, मडम, दोन पोरं, तंबूत दिवा, सगळे दात काढून. आत इंग्रजी पुस्तिका होती, विजेच्या जोडणीसह कुटुंबाने तंबूत कसं राहावं, नवशिक्यांसाठी. शेताची राखण करणाऱ्याचं नाव नवशा. अवधूतने पुस्तिकेचं नाव मराठीत करून मोठ्याने वाचलं तेव्हा तो लाजला. म्हणाला, माज्यासाटी कशाला एवढा तरास.

अवधूतने नवशाला सांगितलं होतं, की आम्ही पुण्याचे, दाऊदभाईंच्या ओळखीचे. नावही वेगळंच सांगितलं. आता सवय लागली होती.

तंबू उभा राहायला अख्खी दुपार गेली. पंपाच्या खोलीतून वायर ओढली, मध्ये जोड दिला, जोडाला चिकटपट्टी गुंडाळली. तंबूच्या मधल्या दांड्याला शंभरचा बल्ब लावला, कोपऱ्यात टेबलफॅन, दाराजवळ विजेची शेगडी. पुस्तिकेत होतं तसं सगळं. संध्याकाळी बल्ब लागला आणि माई म्हणाल्या, हे आपल्या घरापेक्षा बरं आहे. विद्युल्लताने कणीक मळायला घेतली. फॅन मान फिरवताना एका ठिकाणी अडायचा, टक् करायचा आणि परत यायचा. त्या टक् खेरीज कसलाच आवाज नव्हता. लूमशिवायची शांतता कशी असते, ते चौघांनाही माहीत नव्हतं. कानात बोळे घातल्यासारखं वाटत होतं.

चंद्रा हात धुवायला बाहेर गेली आणि तिथूनच ओरडली, की कापडावर सगळे दिसताय, आजीचं नाक केवढं मोठं आलंय.

तिने लगेच खेळ काढला. ती बाहेर उभी राहून सांगणार, आतल्यांनी तसं करायचं. आजी, मान हलव. माईंनी हलवली. आई, हात वर. विद्युल्लताने पिठाचा हात वर केला, आणि बसमध्ये बसल्यापासून पहिल्यांदाच तिच्या ओठांची कडा किंचित हलली. अवधूतने ते पाहिलं.

"बाबा, हात वर."

अवधूतने हात वर केला.

मग चंद्रा म्हणाली, "दोघांनी नको ना. एकानेच करा."

त्याने वळून पाहिलं. विद्युल्लताचे दोन्ही हात परातीत. माईंचे मांडीवर. त्याने स्वतःचा हात हळूच खाली घेतला.

"हां," चंद्रा म्हणाली. "आता एकाचाच आहे."

अवधूत बाहेर आला. कापडावर दोन सावल्या, बसलेली आई आणि वाकलेली बायको. बाजूला फॅनची, गोल डोक्याची, मान फिरवणारी. दांड्याला त्याने शर्ट अडकवला होता, त्याची बाही वाऱ्याने वर जात होती. सातवीला तो हाच धडा शिकवायचा, प्रकाशाचा स्रोत जवळ असला की सावली मोठी पडते. त्याने चंद्राला सगळं समजावलं. तिला पटलं. मुलांना पटवायचं त्याला चांगलं जमायचं. शर्ट मात्र त्याने काढून घडी करून ठेवला.

३

सकाळी नवशा ताडगोळे घेऊन आला आणि बांधावर उकिडवा बसून राहिला. काहीतरी सांगायचं होतं पण जमत नव्हतं. शेवटी म्हणाला, "सायेब, आतमदी दिवा लावला का भायेर समदा दिसतंय."

अवधूत म्हणाला, हो, कळलं काल.

"न्हाय, म्हंजे समदा. बांधावर गाव बसला व्हता. पोरां, बाया. शिनेमावानी."

अवधूतला आधी नीट समजलं नाही. मग आठवलं, की जेवणानंतर विद्युल्लताने साडी बदलली होती, कोपऱ्यात, फॅनच्या आडोशाला, तो आडोसा आहे असं समजून. त्याचं तोंड असं तापलं, की हातातला ताडगोळा त्याने गालाला लावला. केसरीनाथ सरांनी पाहू नये म्हणून ज्या माणसाने आपलं कुटुंब शेतात आणून लपवलं, त्याने ते कुटुंब शंभरच्या बल्बवर एका गावाला दाखवलं. हे बायकोला सांगायचं म्हणजे त्यापेक्षा खाडीत उतरलेलं बरं.

नवशाला त्याची दया आली असावी. तो म्हणाला, गावाने वंगाळ काय न्हाय बगितला, लोकांना उलट कौतुक वाटला. "तुमचा भाव लय चांगला हाय. म्हातारीचा पाय चेपत व्हता कवाचा."

अवधूतला भाऊ नव्हता.

आणि काल जेवण झाल्यावर तो बायकोच्या पाठीकडे पाठ करून जो झोपला, तो सकाळीच उठला होता. आईचे पाय त्याने चेपले नव्हते. गेल्या कित्येक वर्षांत चेपले नव्हते.

त्याने तोंड उघडलं. भाऊ नाही म्हटलं, तर मग तो कोण, हे आलं. नवशा गावाला सांगणार, गाव दाऊदभाईंना, दाऊदभाई भिवंडीत. नाव खोटं, पुणं खोटं, त्यात एक भाऊ बसायला काय हरकत होती?

"हो," तो म्हणाला. "चांगला आहे तो."

तंबूत माई पाय पसरून बसल्या होत्या. त्याला बघून म्हणाल्या, कधी नव्हे ते पाय हलके झाले रे. मग त्याचा हात हातात घेऊन त्यांनी उलटा-सुलटा करून पाहिला.

"आता गरम आहे," त्या म्हणाल्या. "काल काय गार लागत होते तुझे हात. बर्फासारखे. बरं वाटलं पण."

४

त्या दिवशी अवधूतने तंबूतली प्रत्येक वस्तू उचलून पाहिली. गाद्यांखाली, खोक्यात, पिशव्यांत. काय शोधतोय विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण कुणी विचारलंच नाही. चंद्रा, बाबांना सांग पसारा करू नका, एवढंच.

माई म्हातारी, स्वप्न पडलं असेल. गावकरी लांबून बघत होते, विद्युल्लताच पाय चेपत असेल आणि सावलीत बाईचा पुरुष झाला असेल. चंद्रा नऊ वर्षांची. तिन्हींना वेगवेगळं कारण सापडत होतं आणि प्रत्येक कारण चांगलं होतं. फक्त तिन्ही मिळून एक होत नव्हतं.

दुपारी तो पंपाच्या खोलीमागे गेला. तिथे सावली होती आणि कुणी नव्हतं. त्याने माफी मागायची तालीम केली. "चुकलं माझं," तो भिंतीला म्हणाला. मग थांबला. गळा खाकरला. "लोक काय म्हणतील म्हणून तुम्हाला इथे आणलं." दोन-तीनदा म्हणून बघितलं. ठीक वाटत होतं. तो तंबूपर्यंत गेलाही. विद्युल्लता माईंना वारा घालत होती, लाईट गेलेली. तिने मान वर करून पाहिलं, सरळ, काहीतरी ऐकायला तयार असल्यासारखं. अवधूतने विचारलं, माठात पाणी आहे का.

तिने मान खाली घातली. चंद्रा, बाबांना सांग आहे.

अंधार पडायच्या सुमाराला लाईट आली. अवधूत म्हणाला, आज बल्ब नको. का, ते सांगायची लाज वाटत होती, म्हणून डासांचं निमित्त केलं. माई म्हणाल्या, अंधारात घास नाकात जाईल. विद्युल्लताने उठून स्वतःच बल्बचं बटण दाबलं.

मग त्याने बादली उचलली आणि पाणी आणतो असं सांगून बाहेर पडला. बांधावर कुणी बसलं असेल तर हाकलणार होता. कुणी बसलं नसेल, तर स्वतः बसून काय काय दिसतं ते बघणार होता.

५

बांधावर कुणी नव्हतं. गावात कुणाची तरी हळद होती, तिकडून ढोल ऐकू येत होता. अवधूत बादली पालथी घालून बसला.

तंबू पेटीतल्या दिव्यासारखा पिवळा दिसत होता. आई, मुलगी, बायको, तिघींच्या कडा स्वच्छ. विद्युल्लता पोळी लाटत होती. फॅन मान फिरवत होता. एका ठिकाणी अडला, टक्, परत आला. पुन्हा अडला. या वेळी परत आला नाही.

फॅनची सावली उठून उभी राहिली.

घाईने नाही. बराच वेळ खाली बसून पायाला मुंग्या आलेला माणूस उठतो, तशी. त्याने पाय झटकला, लुंगी सारखी केली आणि दाराजवळ, अवधूत जिथे बसायचा तिथे मांडी घातली. चंद्राने त्याच्यापुढे ताट सरकवलं. कुणी दचकलं नाही.

अवधूतने डोळे चोळले. चष्मा काढून पुसला. त्याच्यातला शिक्षक म्हणाला, की दोन कापडं आहेत, आतलं आणि बाहेरचं, एका कापडावरची सावली दुसऱ्यावर पडली तर. त्याच्यातल्या शिक्षकाला पुढचं वाक्य सुचलं नाही.

आतून आवाज आला. "चुकलं माझं."

मग थांबला. गळा खाकरला.

"लोक काय म्हणतील म्हणून तुम्हाला इथे आणलं."

लाटणं थांबलं. बांधावर बसून त्याला एवढंच वाटत होतं, की ती आता काय म्हणते.

"अहो, असू दे," विद्युल्लता म्हणाली. "जेवून घ्या आधी. पोळी गार होतेय."

तो माणूस काहीतरी हळू बोलला आणि ती हसली. तोंडावर पदर धरून, खांदे हलवत. हे तिचं हसू अवधूतच्या ओळखीचं होतं, पण फार जुनं.

तो धावला नाही. स्वतःच्या तंबूकडे धावत जाणं त्याला बरं दिसलं नाही. तो चालत गेला आणि दाराची चेन ओढली. चेन आतून कशाला तरी बांधलेली होती. तो खोकला. हळू आवाजात म्हणाला, "विद्युल्लता. मी आहे."

आत ताट खाली ठेवल्याचा आवाज आला.

पुरुषाची सावली उठली आणि कापडाच्या अगदी जवळ आली, इतकी की कापड थोडं बाहेर आलं. त्यातून गारवा आला. फ्रिज उघडल्यावर येतो तसा.

"लाज नाही वाटत?" आतला माणूस म्हणाला. मागच्या बाकावरच्या पोरांना दम द्यायचा अवधूतचा जो आवाज होता, तोच. "बायकामाणसं बसलीत आत. बघतोस काय?"

"कोण आहे हो?" विद्युल्लताने आतून विचारलं. तिचा आवाज घाबरलेला होता. अवधूतला घाबरलेला.

"कुणी नाही. गावातला असेल. कालही बसले होते म्हणे."

अवधूतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला खूप काही म्हणता आलं असतं.

"चुकलं," तो म्हणाला. "माफ करा."

आणि दोन पावलं मागे सरकल्यावर त्याच्या लक्षात आलं, की हेच ते वाक्य, बसमध्ये बसल्यापासून तोंडातून न निघालेलं. किती सहज निघालं.

६

पंपाच्या खोलीत तो कसा आला, ते त्याला आठवत नव्हतं. हात मेन बटणावर होता. सावलीच तर आहे, तो स्वतःला म्हणाला. दिवा नसला की सावली नसते. सातवीचा धडा.

त्याने बटण बंद केलं.

तंबू विझला. खोलीतला दिवाही गेला. चंद्रा "आई" म्हणाली, माई काहीतरी पुटपुटल्या. आणि त्या अंधारात, जिथे आता सावली नसायला हवी होती, तिथून तोच आवाज आला. "लाईट गेली वाटतं. बसा तुम्ही. मी बघतो."

दाराची चेन उघडल्याचा आवाज आला. लांबलचक, शेवटपर्यंत.

मग पावलं. पालापाचोळ्यावरून, सावकाश. त्या माणसाने वायर हातात धरली असावी, कारण बोर्डाजवळ वायर हलायला लागली. थोडी ताणली जायची, सैल पडायची, पुन्हा ताणली जायची. अंधारात माणूस दोरी धरून चालतो तसा तो वायर धरून येत होता. मधल्या जोडापाशी आला तेव्हा थांबला. चिकटपट्टी दाबून नीट बसवल्याचा बारीक आवाज आला. काम व्यवस्थित करणारा माणूस होता.

अवधूतने खोलीतून निघून जायला हवं होतं. पण तोवर तो माणूस दाराशी आला होता, आणि अवधूतच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की दुसऱ्याची लाईट बंद करताना आपण पकडले जाणार. त्याने बटण पुन्हा चालू केलं.

दारात, दिव्याच्या कडेला, तो उभा होता. अर्धा उजेडात. चेहरा उजेडाच्या बाहेर होता, तो दिसला नाही, आणि दिसला नाही हे बरंच झालं. तळहात एकमेकांवर चोळत होता. मे महिना होता, खाडीचा वाराही पडला होता, अवधूतचं बनियन अंगाला चिकटलं होतं. आणि त्या माणसाच्या तोंडापुढे श्वासाची पांढरी वाफ होती. येत होती, विरत होती, येत होती.

"आली," तो म्हणाला. मग अवधूतकडे, बहुधा अवधूतच्या हाताकडे बघून, अगदी सभ्यपणे, "थँक्यू हां, वायरमन."

आणि वायर न धरता, उजेडाउजेडाने परत गेला.

७

अवधूत अंजूरच्या रस्त्याला लागला तेव्हा हळदीहून माणसं परतत होती. जेवणाचीच वेळ होती. अंगावर बनियन, लुंगी, पायात काही नाही. घराची किल्ली शर्टात, शर्ट तंबूत. दाऊदभाईंकडे जायचं आणि सगळं सांगायचं, असं ठरवून तो चालत होता. सांगायचं काय, ते ठरत नव्हतं. माझ्या जागी माझ्यापेक्षा बरा माणूस बसलाय, हे कुठल्या तोंडाने सांगतात?

मागून स्कूटर आली आणि थोडी पुढे जाऊन थांबली. वळली. दिव्याचा झोत त्याच्या तोंडावर पडला.

"अवधूतराव?"

केसरीनाथ सर. कपाळाला हळद लागलेली. त्यांच्या साडूकडचं लग्न अंजूरला होतं, हे त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलंही असेल. अवधूत तेव्हा महाबळेश्वरच्या विचारात असणार.

"अवधूतराव ना? तुम्ही तर महाबळेश्वरला होतात. आणि हे काय, असे?"

अवधूत झोतात उभा राहिला. त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं. या माणसाने त्याला ओळखलं होतं. जगात या घडीला ओळखणारा हा एकच. हो म्हणायचं, खोटं बोललो म्हणायचं, आणि स्कूटरवर मागे बसून तंबूपाशी जायचं. केसरीनाथ सरांनी चेन उघडायला लावली असती. त्यांचा आवाज मोठा होता. विद्युल्लता बाहेर आली असती, दोघांकडे आळीपाळीने बघितलं असतं, आणि सरांनी बोट दाखवून सांगितलं असतं की हा. एक शब्द लागत होता. मग सगळ्या गल्लीला कळलं असतं, स्टाफरूमला कळलं असतं, जूनमध्ये शाळा उघडली असती आणि पोरांनी फळ्यावर तंबू काढला असता.

त्याने बनियन खाली ओढलं.

"कोण अवधूत?" तो म्हणाला. "न्हाय. मी हितलाच हाय."

केसरीनाथ सर क्षणभर बघत राहिले. मग स्वतःवरच हसले. म्हणाले, माफ करा हां, चेहरा अगदी तसाच वाटला, आमचा माणूस तिकडे थंडीत मजा करतोय आणि मला इथे उन्हाळ्यात दिसतोय. त्यांनी किक मारली. स्कूटर वळून दापोड्यावरून भिवंडीच्या दिशेने गेली, लाल दिवा बारीक होत होत वळणाआड गेला.

नाही ओळखलं. अवधूतने मोठा श्वास सोडला. घर सोडल्यापासून पहिल्यांदाच त्याला इतकं हायसं वाटलं, की तो रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसला आणि एकटाच हसायला लागला.